तारेवरची ब्लॅकबेरी: कुठली काडी ठेवायची आणि कुठली कापायची

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागेतलं. सासर पाचगणीजवळ. त्यामुळे तार, खांब, काडी (बुडातून निघणारी लांब फांदी), डोळा (काडीवरचा कोंब), बगलफूट (काडीच्या बाजूने फुटणारी फांदी) हे शब्द लग्नाआधीपासूनच तोंडात बसलेले. आणि नेमक्या त्याच माहितीच्या जोरावर मी परसातल्या ब्लॅकबेरीचं एक अख्खं वर्ष वाया घालवलं. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ब्लॅकबेरीचं मूळ अनेक वर्षं जगतं, पण काडीचं आयुष्य दोनच वर्षांचं. पहिल्या वर्षी काडी नुसती वाढते. दुसऱ्या वर्षी तिच्यावर फुलं-फळं येतात आणि फळं संपली की ती वाळून जाते. तोवर बुडातून पुढच्या वर्षाच्या नव्या काड्या वर आलेल्या असतात. म्हणजे एकाच रोपावर एकाच वेळी दोन पिढ्या नांदतात. तार लावायची ती त्या दोघींना वेगवेगळं ठेवण्यासाठी. झाड उभं राहण्याचा फायदा आहेच, पण तो नंतरचा.

पहिल्याच वर्षीच्या काडीच्या शेंड्याला फळ देणारे काही नवे वाणही आहेत, अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठाचे ‘प्राइम-आर्क’ मालिकेतले. त्यांचा हिशोब थोडा वेगळा. खालची माहिती नेहमीच्या, दुसऱ्या वर्षी फळणाऱ्या वाणांची आहे.

१. रोप घेताना नाव पक्कं करा

पहिली फसगत इथेच होते. आपल्याकडे ‘ब्लॅकबेरी’ म्हणून काय वाटेल ते विकलं जातं. कुठे काळी तुती, कुठे जांभूळ, तर कुठे डोंगरातलं गौरीफळ, म्हणजे रानटी रास्पबेरी, उपटून पिशवीत लावलेलं. मी पहिल्यांदा आणलेली दोन रोपं तुतीची निघाली. तुती वाईट नाही, पण ती झाड होते, तारेवर चढत नाही.

ओळखायचं कसं? तुतीचं पान एकसंध असतं. ब्लॅकबेरीचं पान तीन किंवा पाच पानोळ्यांचं, कडेला दाते असलेलं, गुलाबाच्या पानाची आठवण करून देणारं. फळ बघायला मिळालं तर आणखी सोपं. रास्पबेरी तोडली की आतला पांढरा दांडा झाडावर राहतो आणि फळ टोपीसारखं पोकळ हातात येतं. गौरीफळाचंही तसंच. ब्लॅकबेरीचा गाभा फळाबरोबरच येतो, ती पोकळ नसते.

बिनकाट्याचा वाणच घ्या. काटेरी वाण जोमदार असतात हे खरं, पण वर्षातून चार वेळा त्या जाळीत हात घालायचा आहे तो तुम्हालाच. रोप टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) असेल तर उत्तम. वाणाचं नाव बिलावर लिहून घ्या. नाव सांगता न येणाऱ्या नर्सरीतून रोप घेऊ नका, कारण नाव कळल्याशिवाय त्याला थंडी किती लागते हेच कळत नाही.

परदेशातून कुणी पाहुणे येताना बॅगेत काड्या आणतो म्हणाले तर नको म्हणा. रोपं-काड्या आणायच्या तर वनस्पती विलगीकरण आदेश २००३ प्रमाणे आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं.

२. थंडीचा हिशोब

ब्लॅकबेरी मूळची थंड मुलखातली. हिवाळ्यात ठरावीक तास सात अंशांच्या खालची थंडी मिळाली की डोळे एकसारखे फुटतात. वाणाप्रमाणे हे तास साधारण तीनशेपासून आठ-नऊशेपर्यंत जातात. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं, फोटो छापून येतात, पण म्हणून शेकडो तास भरतात असं नाही. पाचगणीत त्याहून कमी. सातारा शहर, कराड, सांगली, मिरज इथे तर तो प्रश्नच नको.

म्हणून ‘नवाहो’सारखा जास्त थंडी मागणारा वाण आपल्या कामाचा नाही. कमी थंडीवर भागवणारे शोधा. बिनकाट्यांत ‘नॅचेझ’ हा सुमारे तीनशे तासांचा धरतात. काटेरीत टेक्सासचा जुना ‘ब्राझोस’ आणि ब्राझीलचा ‘तुपी’. या ‘तुपी’ची गोष्ट कामाची आहे. मेक्सिकोतल्या मिचोआकान भागात पुरेशी थंडी नसताना तो मोठ्या प्रमाणावर पिकवतात, आणि त्यासाठी सगळी पानं मुद्दाम गाळून झाडाला फुटायला लावतात. तिथे हे काम फवारणीने होतं. परसातल्या चार रोपांना हाताने करता येतं, ते पुढे सांगते.

सांगलीकरांना स्पष्टच सांगते. तुमच्याकडे रोप जगेल, वाढेल, हिरवंगार दिसेल. फळ मात्र बेताचंच. उन्हाळ्याच्या तडाख्यात फळातले काही दाणे भाजून पांढरे पडतात. दुपारच्या उन्हाला आडोसा किंवा शेडनेट लागेलच. हौस म्हणून एक-दोन रोपं लावा, वीस लावू नका.

३. माती: काळी की लाल

हिला किंचित आंबट माती आवडते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. पाचगणी-महाबळेश्वरची तांबडी माती या बाबतीत सोयीची. पूर्वेकडची काळी, चुनखडीची जमीन सामू आठच्या आसपास नेते. मग लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक युरिया टाकतात, पानं तशीच पिवळी राहतात. तो नत्राचा दोष नाही, लोहाचा आहे. द्राक्षवाल्या घरात चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) असतंच, ते चालतं. पण दरवर्षी औषध देत बसण्यापेक्षा अशा ठिकाणी जमिनीत लावूच नये. अर्धा कापलेला मोठा प्लॅस्टिकचा ड्रम, तळाला भोकं, आत तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट. तार ड्रमच्या मागे.

कृष्णाकाठची क्षारपड जमीन आणि मचूळ बोअरचं पाणी, दोन्ही वर्ज्य. कोंबडीखतही नको, त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात.

आता आमच्या बाजूचा सापळा. घरामागे स्ट्रॉबेरीचा जुना गादीवाफा रिकामा पडलेला असतो, मल्चिंग पेपर आणि ठिबक तयार असतं, मोह होतो. तिथे लावू नका. स्ट्रॉबेरी, टोमॅटो, बटाटा, वांगी यांच्यानंतर जमिनीत मर रोगाची बुरशी राहिलेली असू शकते आणि ती ब्लॅकबेरीलाही धरते. कुंपणात रानटी गौरीफळ माजलेलं असेल तर त्यापासूनही जितकं लांब तितकं बरं. एकाच कुळातली ही मंडळी, रोगही वाटून घेतात.

४. सामान

चार रोपांची, वीस फुटांची एक ओळ धरून:

- खांब तीन, साडेसात फुटी. लोखंडी अँगल किंवा सिमेंटचे. बांबू आमच्या पावसात दोन वर्षांत बुडाशी कुजतो.
- १२ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार, साधारण एक किलो. तीन पदर आणि खांबांना गुंडाळायला मिळून सत्तर फूट भरते.
- तार ताणायचे स्क्रू तीन, प्रत्येक पदराला एक.
- टोकाच्या ताणांसाठी दोन मोठे दगड.
- चांगली छाटणीची कात्री, चामड्याचे हातमोजे.
- सुतळी आणि जुन्या सुती साडीच्या दोन वेगळ्या रंगांच्या चिंध्या. हा विनोद नाही, चिंध्या लागतातच.
- उसाचं पाचट, दोन-तीन भारे.
- पाखरांसाठी जाळी.

कागदपत्रं म्हणाल तर दोनच जपून ठेवा: वाणाचं नाव असलेलं बिल आणि माती तपासणीचा अहवाल. अहवालात सामू, क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे बघा.

५. आधी खांब, मग रोप

उलटं करू नका. रोपं लावून सहा महिन्यांनी खांबाचे खड्डे घेतले तर मुळं तुटतात, कारण ती वरच्या फूटभर मातीतच पसरलेली असतात.

ओळ दक्षिणोत्तर जमली तर दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. उतारावर मात्र दिशा विसरा आणि उताराला आडवी ओळ घ्या, नाहीतर पहिल्या पावसात माती खालच्या शेजाऱ्याकडे. दहा-दहा फुटांवर तीन खांब, दोन फूट जमिनीत. तारा दोन, साडेतीन आणि पाच फुटांवर.

टोकाच्या खांबांकडे दुर्लक्ष केलंत तर सगळं व्यर्थ. जुलैतल्या वाऱ्यात ओल्या पानांचं ओझं घेऊन तार खांबाला आत ओढते. द्राक्षाच्या मांडवाला करतात तसंच करा: टोकाचा खांब किंचित बाहेर झुकवून पुरा, त्याच्या माथ्यावरून तिरका ताण घ्या, आणि ताणाचं दुसरं टोक दोन फूट खोल पुरलेल्या दगडाला बांधा. हे काम माहेरच्या आबांनी येऊन स्वतःच्या हाताने करून दिलं आणि आजतागायत ते खांब हललेले नाहीत. मधला खांब मी पुरला होता, तो दुसऱ्या पावसाळ्यात कलला.

६. लागवड

आमच्याकडे पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरमध्ये. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीत बराच कमी, पण तोही काही थोडा नाही. जूनमध्ये लावलेल्या कोवळ्या रोपाची मुळं पाण्यात बसतात आणि कुजतात. फूटभर उंचीचा गादीवाफा करा. नॅचेझसारख्या अर्ध-उभट वाणाला दोन रोपांत पाच फूट अंतर ठेवा. आता ते ओकंबोकं दिसेल, मध्ये आणखी एक बसवावं वाटेल. बसवू नका.

खड्डा पिशवीच्या दुप्पट, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत. पिशवीत रोप जितकं खोल होतं तितकंच जमिनीत ठेवा. वर चार बोटं पाचट पसरा, पण बुडाला चिकटवू नका. त्यानंतर बुडाशी खुरपं खोल घालायचं नाही, तण हाताने उपटा. पाणी ठिबकने. उन्हाळ्यात मोठ्या रोपाला दिवसाला चार-पाच लिटर लागतं. माती ओली हवी, चिखल नको.

परागीकरणाला दुसरा वाण लागत नाही, एकटं रोपही फळतं. मधमाश्या आल्या तर दाणे भरून येतात. ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जाणारं मांघर आमच्याच तालुक्यात आहे, तेव्हा आम्हाला ती ददात नाही.

७. पहिलं वर्ष: चढवणं आणि बांधणं

फेब्रुवारी-मार्चपासून बुडातून हिरव्या काड्या जोरात निघतात. प्रत्येक रोपावर चार किंवा पाच जाड काड्या ठेवा, बारीक बुडातूनच काढा. जीव होत नाही, माहिती आहे. तरी काढा.

आता दिशा. या वर्षीच्या सगळ्या काड्या रोपाच्या डाव्या बाजूला, पंख्यासारख्या पसरून तारांवर बांधा. उजवी बाजू पूर्ण रिकामी ठेवा. पुढच्या वर्षी येणाऱ्या काड्या उजवीकडे जातील. त्या वाढत असताना डावीकडच्या फळत असतील, आणि फळं संपली की डावी बाजू कापून मोकळी. असं आलटूनपालटून. शिवाय प्रत्येक काडीला बुडाशी त्या वर्षाच्या रंगाची चिंधी. आमच्याकडे एक वर्ष लाल, एक वर्ष पिवळी.

बांधताना सुतळीचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पिळा द्या: एक फास तारेला, एक काडीला, मध्ये पीळ. थेट तारेशी आवळलेली काडी वाऱ्यात घासून तिथेच मोडते. नायलॉन दोरा वापरू नका, काडी जाड झाली की तो सालीत रुततो. काडी दर हातभर अंतरावर बांधा, मेअखेरपर्यंत सगळ्या बांधून झालेल्या असू द्या. पाऊस सुरू झाल्यावर त्या जाळीत शिरणं नको वाटतं.

८. शेंडा

काडी वरच्या तारेच्या चार बोटं वर गेली की कोवळा शेंडा दोन-तीन इंच खुडा. मग बगलफुटी निघतात, आणि पुढच्या वर्षीची बहुतेक फळं या बगलफुटींवरच लागतात. शेंडा न खुडलेली काडी सरळ शेजारच्या घरात जाते.

खुडायचा तो शेंडा कोवळा असतानाच. उशीर करून बोटभर जाड काडी दोन फूट मागे कापली तर तिच्या पोकळीत पाणी शिरून ती वरून सडत येते. कोरडा दिवस बघा.

९. डिसेंबरातलं काम

बगलफुटी एक ते दीड फुटावर आणा. बारीक, वाळक्या, रोगट काढून टाका. मग मेक्सिकोची युक्ती: डिसेंबरअखेर फळायच्या काड्यांवरची सगळी पानं हाताने खुडा आणि आठ-दहा दिवस पाणी कमी करा. माझ्याकडे पानं काढलेल्या काड्यांचे डोळे बऱ्यापैकी एकदम फुटले, न काढलेल्या एका रोपावर पार एप्रिलपर्यंत तुरळक फूट येत राहिली. दोन-तीन रोपांवरचा हा अनुभव, त्याला नियम समजू नका. पानं काढून झाल्यावर फूट दिसली की शेणखत आणि नेहमीचं पाणी चालू करा.

१०. तोडणी

फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत दीड-दोन महिने. आधी हिरवं, मग लाल, मग काळं. आणि इथे नव्वद टक्के लोक घाई करतात. काळंभोर चकाकणारं फळ अजून आंबट असतं. चकाकी जाऊन ते मंद काळं झालं आणि बोट लावताच सुटून आलं, की पिकलं. तोडल्यावर ते गोड होत नाही, तेव्हा घरात ठेवून पिकवायचा विचार सोडा.

सकाळी गारव्यात, दर दोन-तीन दिवसांनी तोडा. पसरट डब्यात दोन थरांपेक्षा जास्त नको. न धुता फ्रिजमध्ये, धुवायचं ते खाताना. दुपारच्या उन्हात तोडून एकदम थंड केलं तर काही दाणे परत लाल पडतात. खराब नसतात, दिसायला वाईट. जाळी फळं लाल व्हायच्या आधी टाका. बुलबुलाला पिकल्याची बातमी आपल्याआधी लागते.

११. जुन्या काड्या कापणं, म्हणजे माझी चूक

द्राक्षात एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. वेल तोच, ओलांडा (वेलाचा तारेवरचा कायमचा आडवा फाटा) तोच, दरवर्षी कात्री. माझ्या लागवडीला एक वर्ष झालं त्या ऑक्टोबरात मी माहेरी गेले होते, सगळीकडे छाटणीची गडबड. परत आले तर परसात ब्लॅकबेरीचं जंगल. कुठंतरी वाचलं होतं की ब्लॅकबेरीच्या काड्या जमिनीलगत कापतात. कोणत्या, ते नीट वाचलं नव्हतं. एका दुपारी सगळ्या कापल्या. तारा कशा स्वच्छ दिसत होत्या!

फेब्रुवारीत एक फूल नाही. आबांना फोन केला. ते म्हणाले, “खत कमी पडलंय बग.” खत वाढवलं. आणखी हिरव्या काड्या. मग कधीतरी लक्षात आलं की फुलणाऱ्या काड्या मी स्वतःच बांधावर टाकल्या होत्या.

तर काडीचं वय असं ओळखा. नवी काडी हिरवी, लवचीक, पानं बहुतेक पाच पानोळ्यांची. जुनी काडी तपकिरी, टणक, तिच्या बगलफुटींवरची पानं बहुतेक तीन पानोळ्यांची, आणि फळांचे वाळके देठ तिच्यावर लटकलेले. पहिलं फळ खाल्ल्याशिवाय एकही निरोगी जाड काडी बुडातून कापायची नाही.

शेवटचं फळ उतरलं की, शक्यतो पाऊस लागायच्या आत, जुन्या काड्या जमिनीलगत कापा. खुंट ठेवू नका, त्यातून कीड-बुरशी आत जाते. लांब काडी ओढून काढायला जाल तर नवीन कोंब मोडतील. दोन-दोन फुटांचे तुकडे करून काढा. कंपोस्टात टाकू नका, वाळवून जाळा. बाजू मोकळी झाली की तिकडे पुढच्या वर्षीची पिढी.

मागच्या मे महिन्यात आबा आले तेव्हा कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी बुडाशी वाकून बघितलं आणि विचारलं, “लाल का पिवळी?”

१२. आणखी रोपं हवी असतील तर

विकत घेऊ नका. ऑगस्टमध्ये एखादी लांब काडी खाली वाकवून तिचा शेंडा चार इंच मातीत पुरा, वर दगड ठेवा. दिवाळीपर्यंत मुळं फुटतात. मग मूळ काडीपासून तोडून पिशवीत लावा. मुळांच्या तुकड्यांपासूनही रोप होतं, पण काही बिनकाट्याचे वाण तसे वाढवले की काटेरी निपजतात. शेंड्यापासून केलेलं बरं. चिंधी बांधायला विसरू नका, नाहीतर पुरलेला शेंडा कुणाचं तरी पाऊल पडून मोडतो. आमच्याकडे दोनदा मोडला.